एन्स्खेडे: स्टेडियम एकीकडे, सामना दुसरीकडे

“ताई, तुला स्टेडियम बघायचंय की सामना?” मावसभावानं फोनवर विचारलं.

दोन्ही बघायचं होतं.

“मग मुक्कामालाच ये. दोन्ही एका जागी नाहीत.”

एन्स्खेडेच्या एफसी ट्वेंटे या फुटबॉल क्लबच्या महिला संघाबद्दल मला तोवर माहिती होती ती सगळी जेतेपदांची. २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन वर्षं नेदरलँड्सचे विजेते. त्याआधी २०२१ आणि २०२२, त्याच्याही आधी २०१९. पुरुषांच्या संघानं देशाची लीग आजवर एकदाच, २०१० मध्ये जिंकली आहे. तरीही तीस हजार खुर्च्यांचं स्टेडियम पुरुषांच्या सामन्यांसाठी, आणि बायकांचे बहुतेक घरचे सामने शहराच्या एका क्रीडासंकुलात. हे ऐकल्यावर मी कोल्हापुरी कपाळावर आठ्या घेऊनच गाडीत बसले. तिथं गेल्यावर त्यातल्या सगळ्याच टिकल्या नाहीत, पण काही टिकल्या.

ॲमस्टरडॅमहून एन्स्खेडे रेल्वेनं साधारण दोन तास. देश असा की दोन तासांत संपतो. एन्स्खेडेच्या पुढं जर्मनीच. आमेर्सफोर्ट, आपेलडोर्न मागे पडतात, आयसेल नदी ओलांडून गाडी डेव्हेंटरमध्ये शिरते आणि तिथून पुढं प्रदेशाचा स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. कालवे कमी, झाडी जास्त, शेतांच्या कडेनं ओकची रांग. हाच ट्वेंटे. इथल्या लोकांना टुकर्स म्हणतात, आणि बाकीचे डच त्यांना जरा गावाकडचे समजतात. टुकर्सना त्याचं फारसं वाईट वाटत नाही. त्यांच्या झेंड्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला पांढरा घोडा आहे, लाल रंगावर. तोच घोडा क्लबच्या चिन्हावर.

हेंगेलो सोडलं की खिडकीतून लाल-पांढरं स्टेडियम दिसतं. लांब पल्ल्याची गाडी तिथं थांबत नाही. हेंगेलोला उतरून छोट्या गाडीनं एन्स्खेडे केनिसपार्क या स्टेशनवर यायचं. मावसभाऊ सायकल घेऊन उभा होता, आणि माझ्यासाठी दुसरी सायकल होती. इकडं पाहुण्याला चहा विचारायच्या आधी सायकल देतात.

तो आयटीसी या संस्थेत शिकतो. हवाई छायाचित्रं आणि उपग्रहचित्रं वाचायचं शिक्षण देणारी ही संस्था १९५० साली डेल्फ्टमध्ये सुरू झाली आणि १९७१ मध्ये एन्स्खेडेला आली. भारताशी तिचं नातं जुनं. डेहराडूनची दूरसंवेदन संस्था १९६६ मध्ये उभी राहिली ती डच सहकार्यानं, आयटीसीच्या धर्तीवर. त्यामुळं भूगर्भशास्त्र, वनखातं, सर्वेक्षण यांतली भारतीय माणसं एन्स्खेडेला येत आली आहेत. फुटबॉलसाठी आलेली भारतीय बाई मात्र मावसभावाच्या माहितीत मीच पहिली. त्यानं हे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्याच्या घरमालकीणबाईंनाही. त्याचे परिणाम पुढं येतीलच.

स्टेडियमचं नाव ग्रोल्श फेस्टे. ग्रोल्श ही इथली बिअर. १९९८ मध्ये बांधलं, नंतर वाढवत नेलं. त्या दिवशी सामना नव्हता. बंद दारं, रिकामा वाहनतळ, कुंपणाला धरून आत बघणारी मी. पण मला या जागेचं कारण होतं.

६ ऑगस्ट २०१७. महिलांच्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना इथंच झाला. यजमान नेदरलँड्स विरुद्ध डेन्मार्क, स्टेडियममध्ये २८,१८२ माणसं. सहाव्याच मिनिटाला डेन्मार्कच्या नादिया नदीमनं पेनल्टीवर गोल केला. चारच मिनिटांत विवियाने मिडेमानं तो फेडला. लीके मार्टेन्सनं आघाडी मिळवून दिली, पेर्निले हार्डरनं मध्यंतराआधी पुन्हा बरोबरी केली. दुसऱ्या डावात शेरिडा स्पिट्सेची फ्री किक खालून, गवताला घासत, खांबाला लागून आत गेली. शेवटी मिडेमाचा दुसरा. ४-२. स्पिट्से तेव्हा ट्वेंटेचीच खेळाडू होती, म्हणजे देशासाठी युरोपचा चषक ती अक्षरशः आपल्या अंगणात जिंकली. तो सामना मी पुण्यात लॅपटॉपवर पाहिला होता, आवाज बंद करून, कारण घरात पाहुणे झोपले होते. नारिंगी रंगानं भरलेली ती बाकं कुंपणातून दिसतात का म्हणून मी बघत होते. दिसली ती लाल, रिकामी.

त्या संघाच्या प्रशिक्षक सरिना वीगमन. पुढं त्यांनी इंग्लंडला २०२२ आणि २०२५ अशी दोन युरो जेतेपदं मिळवून दिली. पण त्यांची तालीम झाली ती डच लीगमध्येच. २००७ मध्ये महिलांची एरेडिव्हिसी, म्हणजे देशाची पहिल्या श्रेणीची लीग, सुरू झाली तेव्हा संघ होते फक्त सहा, आणि त्यांतल्या हेगच्या एडीओ संघाच्या प्रशिक्षक वीगमन होत्या. ट्वेंटे त्या सहांतलाच. पहिली तीन जेतेपदं अल्कमारच्या एझेडनं घेतली. आणि २०११ मध्ये एझेडनं महिला संघच बंद केला! विलेम टू या क्लबनंही त्याच वर्षी गाशा गुंडाळला. पैसे नाहीत म्हटलं की पहिली कात्री कुठं लागते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१२ पासून तीन हंगाम बेल्जियमसोबत मिळून बेने लीग नावाचा प्रयोग चालला. पहिले दोन हंगाम ट्वेंटेनंच जिंकले. मग तीही लीग बंद पडली. एझेड परत आला तो २०२३ मध्ये.

ट्वेंटेचा महिला संघ मात्र सुरुवातीपासून सलग आहे. हे मला जेतेपदांपेक्षा मोठं वाटतं, कारण मधल्या काळात क्लबची अवस्था काही फार सुखाची नव्हती. २०१० च्या जेतेपदानंतर क्लबनं अंथरूण सोडून पाय पसरले, कर्ज डोक्यावर आलं, दिवाळ्याच्या तोंडाशी जाऊन आले, आणि २०१८ मध्ये पुरुषांचा संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुढच्या वर्षी तो ती श्रेणी जिंकून परत वर आला. त्याच २०१९ मध्ये बायकांनी पहिल्या श्रेणीचं जेतेपद मिळवलं. एकाच क्लबात दोन चषक, पण मिरवणुकीची हौस कुणाच्या चषकानं जास्त भागली असेल, ते मी कुणाला विचारलं नाही.

दुपारी शहरात फिरलो. एन्स्खेडे म्हणजे कापडाचं शहर होतं. जावामध्ये विकायचं सुती कापड एकोणिसाव्या शतकात इथं विणलं जाई. गिरणीमालक फान हेक घराण्याच्या पैशांतून इथं संग्रहालय झालं, बाग झाली. विसाव्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. एफसी ट्वेंटेची स्थापना त्याच सुमाराची, १९६५ ची, शहरातले दोन जुने क्लब एकत्र करून. भोंगे थांबत होते तेव्हा शहराला शिट्टी मिळाली, असं मावसभाऊ म्हणाला. वाक्य त्याचं नाही, कुठंतरी ऐकलेलं असणार, पण चांगलं आहे.

रोमबेक या भागात मात्र आम्ही सायकलवरून उतरून चाललो. १३ मे २००० या शनिवारी इथल्या फटाक्यांच्या गोदामाला आग लागली आणि स्फोटांनी वस्तीच्या वस्ती जमीनदोस्त झाली. २३ माणसं गेली, त्यांत चार अग्निशमन जवान होते. भर वस्तीत फटाक्यांचा साठा होता आणि तो किती होता, कसला होता, याचा हिशेब कुणाला नीट माहीत नव्हता. आता तिथं नवीन घरं आहेत. एकासारखं दुसरं नाही, कारण बऱ्याच लोकांनी आपापली घरं स्वतःच्या पसंतीनं बांधून घेतली. जुन्या गिरणीच्या इमारतीत संग्रहालय आहे. रस्त्यावर पोरं चेंडू खेळत होती आणि त्यांत तीन मुली होत्या. कुणी त्यांना सांभाळून घेत नव्हतं. एकीनं एका मुलाला असा आडवा पाय घातला की तो थेट झुडपात गेला. फाउल कुणी दिला नाही.

डच फुटबॉल महासंघाच्या नियमात मुलामुलींनी एका संघात खेळायला एकोणीस वर्षांखालील गटापर्यंत परवानगी आहे. पुढं २०२० मध्ये फ्रीसलँडच्या फोरुत या छोट्या क्लबच्या एलेन फोकेमाला पुरुषांच्या मुख्य संघात खेळू देण्याचा प्रयोगही महासंघानं केला. झुडपात गेलेल्या मुलाला हे नियम माहीत असण्याची गरज नव्हती.

आता घरमालकीणबाई.

वय सत्तर, जन्म १९५५ चा. “माझा जन्म आणि माझ्यावरची बंदी एकाच वर्षातली,” हे त्यांचं पहिलं वाक्य, इंग्रजीत, कॉफीचा कप माझ्यापुढं सरकवताना. खरं आहे. १९५५ मध्ये महासंघानं आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळू देऊ नये असं ठरवलं होतं. ती बंदी उठून बायकांचा फुटबॉल महासंघात आला तो १९७१ मध्ये. तोवर या सोळा वर्षांच्या झाल्या होत्या. वडील गिरणीत, दोन भाऊ क्लबात खेळणारे, आणि ही मुलगी भावांचे बूट धुणारी. धुता धुता घालून बघणारी. १९७१ नंतर त्या एका हौशी क्लबात डाव्या बगलेला बचावपटू म्हणून वर्षानुवर्षं खेळल्या. त्याच १९७१ च्या एप्रिलमध्ये डच बायकांचा संघ फ्रान्समध्ये पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि ४-० नं हरला. “चार! आणि बचाव कुणाचा होता ते मला विचारू नका,” म्हणाल्या. जणू आपण असतो तर तीनच झाले असते.

त्यांनी मनुकांचा लांबलचक पाव कापला. ट्वेंटेत घरी बाळ आलं की शेजारी असा पाव घेऊन येतात, पूर्वी तो याहूनही लांब असायचा म्हणे. बाळ नसताना का, असं विचारल्यावर “उद्या सामना आहे ना” हे उत्तर.

रविवारी स्खर्सएर्व्ह या क्रीडासंकुलावर गेलो, तिघंही सायकलवर, बाई पुढं. सामना प्रांतातल्याच झ्वोलेशी, त्यामुळं थोडी जास्त गर्दी. थोडी म्हणजे डच हिशेबानं. मैदानाभोवती कठडा, एका बाजूला छपराखाली बैठक, शेजारच्या मैदानांवर दुसरेच काही सामने चाललेले. आत शिरताना तपासणीपेक्षा जास्त वेळ बटाट्याच्या रांगेत जातो. कागदी शंकूत तळलेले जाडे काप आणि वर मेयोनीजचा डोंगर. सॉस मागितल्यावर विक्रेत्यानं असं पाहिलं की मी गप मेयोनीज घेतलं.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना पाहिलेल्या माणसाला हे सगळं आधी फार शांत वाटतं. आपल्याकडं पेठेची इभ्रत पणाला लागलेली असते आणि निम्मी गॅलरी प्रशिक्षक असते. इथं पहिली दहा मिनिटं लोक नुसते बघत होते. मग चेंडू ट्वेंटेच्या डाव्या बगलेला गेला, तिथली खेळाडू क्षणभर जास्त थांबली, पास चुकला, आणि माझ्या कानाशेजारी तोफ उडाली. घरमालकीणबाई. कठड्यावर दोन्ही मुठी आपटत.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“ताई, ते मी सांगू शकत नाही,” मावसभाऊ म्हणाला.

त्यानंतर सामना संपेपर्यंत त्या पोरीची सुटका नव्हती. पुढं का गेलीस, मागे का राहिलीस, आत काय घेतेस, बाहेर काढ. बाईंच्या पलीकडं एक आजोबा, लाल मफलर गुंडाळलेले, त्यांचा राग मधल्या फळीवर. आजोबा पुरुषांच्या सामन्यांनाही जातात आणि तिथंही हेच ओरडतात, असं बाईंनी सांगितलं. शिवी सारखीच, फक्त नाव वेगळं.

मी इथपर्यंत आले ते यासाठी, हे मला तिथं उभं राहून कळलं. बायकांच्या खेळाबद्दल आपण जे लिहितो-बोलतो त्यात एक सूर ठरलेला असतो: परिस्थितीवर मात, जिद्द, प्रेरणा, लेकीचं कौतुक. मी स्वतः तसं लिहिलंय. स्खर्सएर्व्हवर कुणी कुणाचं कौतुक करत नव्हतं. चुकीचा पास हा चुकीचा पास होता. कुणाला ती पोर किती हालअपेष्टांतून इथं आली याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं चेंडू वेळेवर सोडावा, एवढंच मागणं. आणि तिनं दुसऱ्या डावात झ्वोलेच्या आघाडीच्या खेळाडूकडून गोलरेषेजवळ चेंडू काढून घेतला तेव्हा बाई ओरडल्या नाहीत. मला कोपरानं ढोसलं, बस. दाताखाली बटाटा होता, ठसका लागला.

ट्वेंटे जिंकलं. सहज नाही, पण जिंकलं.

सामना संपल्यावर पोरापोरींचा लोंढा कठड्याकडं. खेळाडू जाळीकडं येतात, सह्या करतात, फोटो काढू देतात. बऱ्याच पाठींवर रोर्ड हे नाव. जिल रोर्ड शेजारच्या ओल्डेनझालची, ट्वेंटेतून घडली, २०१७ मध्ये जर्मनीत बायर्नला गेली. मग आर्सेनल, वोल्फ्सबुर्ग, मँचेस्टर सिटी असं सगळं करून २०२५ मध्ये घरी परत आली, तीही कारकीर्द उतरणीला लागायची वाट न बघता. एन्स्खेडेत हा विषय काढला की माणसं सरळ बसतात. एरवी इथून फक्त जाणाऱ्याच. गोलरक्षक दाफ्ने फान डोम्सेलार इथूनच इंग्लंडला गेली आणि २०२५ मध्ये आर्सेनलसोबत चॅम्पियन्स लीग जिंकली. वीके काप्टेन चेल्सीत. इंग्लंड-जर्मनीच्या पैशांपुढं डच लीगचा खिसा लहान, त्यामुळं ट्वेंटेला दर उन्हाळ्यात संघ नव्यानं बांधावा लागतो. तरी चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४ च्या हंगामात चेल्सी, रेआल माद्रिद आणि सेल्टिकच्या गटात खेळले, सेल्टिकला दोन्ही वेळा हरवलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये चेल्सीला १-१ असं बरोबरीत रोखलं. अशा सामन्यांना मात्र मोठं स्टेडियम उघडतात.

म्हणजे सवय चेल्सीची आणि रविवार क्रीडासंकुलावर. हे बरं की वाईट? मावसभावाचं मत, लाज वाटली पाहिजे क्लबला. बाईंचं मत नेमकं उलट. तीस हजारांच्या भांड्यात दोन हजार माणसं ओतली तर खडखडाट ऐकू येतो, म्हणाल्या, आणि तिथं माझा आवाज डाव्या बचावपटूपर्यंत पोचणार कसा? मला दोघांचंही अर्धं अर्धं पटलं. जवळून बघण्यात गंमत आहे, पण ती गंमत खेळाडूंच्या पगारातून कापून घेतलेली असू नये. नेदरलँड्समध्ये अजूनही अनेक जणी शिक्षण किंवा नोकरी सांभाळून या लीगमध्ये खेळतात. ॲमस्टरडॅममध्ये आता हेरा युनायटेड नावाचा क्लब उभा राहिलाय, कुठल्याही पुरुष संघाच्या सावलीत नसलेला, फक्त बायकांचा. मावसभावाला त्यात भविष्य दिसतं. बाईंना त्यात ॲमस्टरडॅम दिसतं, आणि टुकरच्या दृष्टीनं तेवढं पुरेसं आहे.

परतताना वारा समोरून होता. पेडल मारता मारता दोघांचा वाद डचमध्ये चालू राहिला आणि मी मागं पडत गेले.

तुम्ही जाणार असाल तर: आधी क्लबच्या वेळापत्रकात सामना कुठं आहे ते बघा, नाहीतर केनिसपार्कला उतरून बंद दारापुढं उभे राहाल. तिकीट महाग नाही, युरोपातल्या सामन्यांचं मात्र आधी काढून ठेवलेलं बरं. गाडीला बँकेचं कार्ड चालतं, हेंगेलोला गाडी बदलताना फलाट बघून घ्या. सॉस मागू नका. आणि डाव्या बगलेच्या कठड्यापाशी, मध्यरेषेच्या जरा मागं, जागा रिकामी दिसली तरी तिथं उभं राहू नका. ती बाईंची आहे.